भय कोणाचें लिहावें?

“भुतांचा बाजार आधींच भरून वाहतो आहे; त्यांत तुम्ही आणखी एक भूत कशाला आणतां?” असा प्रश्न गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांनीं आम्हांस विचारला. आम्ही एका भयपटाची पटकथा लिहीत आहों, हें त्यांस नुकतेंच कळलें होतें. प्रश्न थट्टेचा होता, पण तो आमच्या जिव्हारीं लागला; कारण कचेरीचें काम आटोपून उरलेल्या वेळांतलीं दोन वर्षें आम्ही त्या वहीस दिलीं होतीं. ज्या शाळेंत आम्ही निबंध लिहावयास शिकलों, तिच्याच वार्षिकांत त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, असें आमच्या मनांत आलें.

स्नेह्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. एकट्या २०२४ सालीं जूनमध्यें ‘मुंज्या’, ऑगस्टमध्यें ‘स्त्री २’ आणि सप्टेंबरमध्यें पुन्हां ‘तुंबाड’ पडद्यावर आले. या गर्दीचें कारणही उघड आहे. भयपटास नामांकित नट लागतोच असें नाहीं. एक घर, चारदोन माणसें आणि काळोखी रात्र एवढ्यावर काम भागतें. ओरेन पेली या गृहस्थांनीं ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा चित्रपट आपल्या राहत्या घरांतच, सुमारें १५,००० डॉलरांत तयार केला; आणि २००९ सालीं तो अमेरिकेंत सर्वत्र दाखविला गेला, तेव्हां त्यानें कोट्यवधि डॉलर मिळविले. अशी वार्ता ऐकून कोणा नवशिक्या लेखकाच्या तोंडास पाणी सुटणार नाहीं? आमच्याही सुटलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

त्या मोहांत लिहिलेल्या आमच्या पहिल्या खर्ड्यांत ओसाड वाडा होता, आपोआप उघडणारें दार होतें, आणि मध्यरात्रीं पैंजण वाजविणारी पांढऱ्या लुगड्यांतील बाईही होती. तो खर्डा आम्ही घरच्या मुलांस मोठ्या आवेशानें वाचून दाखविला. नऊ वर्षांची पुतणी मध्येंच म्हणाली, “काका, आतां दिवा जाईल.” पुढच्याच ओळींत दिवा गेला! मुलें पोट धरून हंसलीं. आम्हीही हंसलों, पण त्या रात्रीं वही कपाटांत ठेवून दिली.

मग ज्या चित्रपटांनीं आमची झोंप खरोखर उडविली होती, ते आम्ही आठवून पाहिले. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ सालीं प्रथम आला तेव्हां त्याची प्राप्ति बेताचीच होती. सहा वर्षांनीं तोच पुन्हां लागला, तेव्हां त्यानें पहिल्या वेळेहून अधिक पैसा मिळविला. त्यांत राक्षस आहे खरा. पण अंगावर कांटा येतो तो बाप आपल्या कोंवळ्या मुलास लोभाची वाट शिकवितो तेव्हां. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ २०१७ सालीं आला व २०२१ सालीं ‘छोरी’ या नांवानें हिंदींत पुन्हां झाला. त्यांत उंसाचा फड आहे, पण खरें भय आहे तें मुलीचा जन्म नको असलेल्या माणसांचें. आपल्या समाजांत जें भय मुकाट्यानें वावरत होतें, त्यासच या लेखकांनीं बोलतें केलें.

तेव्हां आम्ही स्वतःस विचारलें, आपणांस भय कशाचें वाटतें? उत्तर आमच्या माजघरांतच होतें. आमच्या आजीची स्मृति शेवटच्या तीन वर्षांत ओसरत गेली. एके संध्याकाळीं तिनें दोन पानें मांडलीं, एकावर ऊन भात वाढला, आणि बारा वर्षांपूर्वीं वारलेल्या आजोबांस ती जेवावयाचा आग्रह करूं लागली. आम्ही दारांत उभे होतों. आमच्याकडे वळून तिनें मोठ्या अदबीनें विचारलें, “आपण कोणाकडे आलांत?” जिनें आम्हांस अंगाखांद्यावर खेळविलें, तिच्या त्या ‘आपण’ शब्दानें जें भय वाटलें, तें कोणत्याही पैंजणांनीं कधीं वाटलें नव्हतें.

तो प्रसंग आम्ही लिहिला. परंतु जुन्या सवयीनें शेवटीं आजीच्या अंगांत कांहीं संचारल्याचें दाखविलें. आईनें तीं पानें वाचलीं आणि वही परत देतांना ती एवढेंच म्हणाली, “लिही बाबा, पण सासूबाईंचें भूत करूं नकोस.” आम्ही खजील झालों. भय आजींत नव्हतेंच. ज्याच्यावर आपलें प्रेम आहे त्याच्या मनांतून आपण पुसले जाऊं, या जाणिवेंत तें होतें. शेवटचीं अकरा पानें आम्ही फाडून टाकलीं.

आतां स्नेह्यांस आमचें उत्तर असें: भयपट पुष्कळ झाले, एवढ्यासाठीं लेखकानें लेखणी खालीं ठेवण्याचें कारण नाहीं, मात्र दुसऱ्याचें भय उसनें आणावयाचें असेल, तर त्यानें ती अवश्य ठेवावी. लिहूं इच्छिणाऱ्या विद्यार्थिमित्रांसही आमचें हेंच सांगणें आहे. आमच्या पटकथेस अद्याप गिऱ्हाईक मिळालेलें नाहीं, आणि कदाचित् मिळणारही नाहीं. परवां मात्र नवा खर्डा आम्ही त्याच मुलांस वाचून दाखविला. या खेपेस पुतणीनें पुढें काय होणार हें सांगितलें नाहीं. वाचन संपल्यावर ती उठली, आणि आपल्या आजीच्या शेजारीं जाऊन बसली.