साठ-एकसष्टच्या कोपऱ्यावरची

आमच्या कांद्याच्या गाळ्यात वजनकाट्याच्या मागे एक खिळा आहे. त्याच्या एका बाजूला कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला अगरबत्तीचा धूर खाऊन पिवळा पडलेला गणपती, आणि मधे ती. भाचा पुण्याला शिकायला गेला तेव्हा "मामा, हिला दिवाळीपर्यंत ठेवा" म्हणून आपली गिटार टांगून गेला. त्याला चार दिवाळ्या झाल्या. पाहुणी आता घरचीच झाली आहे, म्हणजे तिच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत.

आषाढात माळशेजकडून ओलावा आला की तिचं लाकूड फुगतं आणि सूर चढतो. वैशाखात तारा सैलावतात, सूर उतरतो. वर्षातून दहा-बारा दिवस काय ती बाई सुरात असते. मान जरा पुढे झुकलेली, त्यामुळे तारा पट्टीपासून बोटभर वर राहतात आणि दाबणाऱ्याच्या बोटांना चर पडतात. पोटात कांद्याची टरफलं गेली आहेत, हलवली की खुळखुळते. मी पन्नाशीचा माणूस, आयुष्यात भजनात टाळ सोडून काही वाजवलेलं नाही. पहिले सहा महिने तिने मला सरळ फाट्यावर मारलं. आळेफाट्यावर राहून तक्रार तरी कुणाकडे करणार!

भाचा येतो तेव्हा ब्लूज वाजवतो. त्याच्याकडूनच शिकलो, सुट्टीत तासभर, बाकी माझं मी. उजवा हात पाचव्या-चौथ्या तारेवर. पाचवी मोकळी, चौथीवर दुसऱ्या पडद्याला पहिलं बोट, मग चौथ्या पडद्याला तिसरं, पुन्हा पहिलं, पुन्हा तिसरं. एवढंच. पण मात्रेचे सरळ दोन तुकडे करायचे नाहीत. तीन करायचे आणि मधला गिळायचा. मग पहिला लांब, दुसरा आखूड, असा लंगडा डौल येतो. त्याला शफल म्हणतात. मी हिशेबाचा माणूस, माझे तुकडे सारखे पडायचे. ती लगेच ओळखायची आणि कोरडी खडखडायची, वसुलीला आलेल्या माणसासारखी.

आवर्तन बारा खणांचं, प्रत्येक खणात चार मात्रा. चार खण घरी. दोन खण चौथ्या सुराकडे, म्हणजे मामाच्या गावाला. दोन खण परत घरी. मग एक खण पाचव्यावर, हा खरा लांबचा पल्ला, तिथून उतरताना एक खण मामाकडे चहापुरतं टेकायचं आणि शेवटचे दोन घरी. पण बाराव्या खणात पुन्हा पाचव्याकडे मान वळवायची. उंबऱ्यात चपला काढता काढता 'चला, निघू' म्हटल्यासारखी. म्हणून हे संपत नाही, फिरत राहतं.

सुरांची पट्टी तर आपल्या ओळखीची निघाली. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा आपल्या धानी रागाचा ऐवज. पाचव्या पडद्यावर पहिलं बोट रोवायचं, हात हलवायचा नाही. सहावी तार पाच-आठ, पुढच्या तीन तारा पाच-सात, शेवटच्या दोन पुन्हा पाच-आठ. धानीत नसलेला एक सूर मात्र इथे घुसतो: पाचव्या तारेवर सहाव्या पडद्याचा तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम आणि पंचमाच्या सांदीत. त्यावर थांबलात तर बेसूर, वरून घसरून गेलात तर काळजाला चिमटा. आणि तिसऱ्या तारेचा कोमल गंधार नुसता दाबून चालत नाही, तार किंचित ओढून त्याला शुद्धाच्या वाटेला लावायचं आणि पोहोचू द्यायचं नाही. पेटीवर हे जमणारच नाही. पाहुणीची उंच तार मला छळते ती नेमकी इथे. बोट कापतं, सूर अर्ध्या वाटेत राहतो. राहायलाच हवा होता, हे मला उशिरा कळलं.

आमच्या फाट्यावर पुणे-नाशिक, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६०, आणि कल्याण-नगर, म्हणजे ६१, एकमेकांना छेदतात. अमेरिकेत मिसिसिपीतून जाणाऱ्या ब्लूजच्या रस्त्याचाही नंबर ६१. तिथे क्लार्क्सडेल गावात ६१ आणि ४९ यांचा चौक आहे. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या पोराने अशाच चौकात मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून वाजवण्याचा हात मिळवला, अशी दंतकथा. तो १९३८ साली २७व्या वर्षी गेला, त्यामुळे कथेला आणखीच धार आली. चौकावरचं त्याचं गाणं १९३६ चं. भाच्याने मला त्याचा अर्थ सांगितला तर त्यात सैतानाचं नावही नाही. एक माणूस चौकात उभा राहून गाड्यांना हात करतो आणि कुणी थांबत नाही. गाळ्याच्या दारातून मी रोज तेच बघतो. सैतान फुकट बदनाम.

आणि मुक्याला वाचा फुटण्याचं म्हणाल तर आम्हाला लांब जायला नको. शेजारच्या आळे गावात ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे. फरक एवढाच की तिथे डोक्यावर हात ठेवणारे माउली होते आणि हिच्या मानेवर हात आहे माझा.

गेल्या फाल्गुनात, नारायणगावात पाडव्याच्या सुपाऱ्यांसाठी तमाशाच्या राहुट्या पडल्या होत्या तेव्हाची गोष्ट. लिलाव उरकला होता, मी शफल कुटत होतो. एक म्हातारा ढोलकीवाला गाडीची वाट बघत सावलीला आला. बराच वेळ ऐकून म्हणाला, "मालक, हात मोजतोय तुमचा. पायानं मोजा, हात सोडून द्या." रिकामं क्रेट पालथं घातलं, मांडीत धरलं आणि प्लास्टिकवर बोटं टाकली. मधला तुकडा त्याने इतक्या सहज गिळला की मला आवंढा आला. हात आपोआप लंगडायला लागला. पाहुणी पहिल्यांदा खडखडली नाही. पोटातली टरफलंसुद्धा तालात वाजत होती. हमाल पोरं काम सोडून बघत राहिली.

घर, मामा, घर. पाचव्यावरून उतरलो, अकराव्या खणात आलो, आणि कल्याणची एसटी वळली. त्याने क्रेट तिथेच टाकलं, पिशवी उचलली आणि हात वर करून पळाला. गाडी थांबली.

बारावा खण मी एकट्याने वाजवला. पाचवी तार उतरली होती.