ब्राझीलला जाताना: लस, जेवण आणि आपले नियम



लेक-जावई नोकरीसाठी साओ पावलोला गेल्यापासून "आई, कधी येतेस?" हे पालुपद सुरू होतं. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं एकच, "तो मांसाहाराचा देश. नियम मोडतील, जाऊ नकोस." मला कंदमूळ आणि रात्रीभोजन दोन्हींचा त्याग. पण लेकही हवी होती आणि नियमही. महिनाभर राहून आले. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल, तर उपयोगी पडेल ते सांगते.

पहिली गोष्ट लसीची. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीचा दाखला लागतो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. साठीच्या पुढे असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर तयार होते. हे कळल्यावर दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी लस घेतली, संध्याकाळी आलोचना पाठ म्हटला आणि महिनाभर तुपाचा त्याग केला. दुसरी कुणी वेगळं ठरवेल, पण ठरवण्याआधी माहिती असावी म्हणून लिहिलं. व्हिसाही निघण्याआधीच काढावा लागतो. थेट विमान नाही, त्यामुळे तिकिटासोबतच जैन जेवण नोंदवा.

तिथलं रोजचं जेवण भात आणि घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ. ऐकायला आपलंच वाटतं, पण भात लसूण-कांद्यावर परततात आणि उसळीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर गोमांस नको एवढंच समजतात आणि कोंबडी किंवा हॅम ताटात येतं. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा. 'सेंय' म्हणजे शिवाय. सेंय कार्नी, सेंय फ्रांगू (कोंबडी), सेंय ओव्हू (अंडं), सेंय सेबोला (कांदा), सेंय आल्यू (लसूण). बटाट्याला तिथेही बताताच म्हणतात. आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, तसेच पाव आणि काजूही.

चीजचे छोटे गोल पाव सगळीकडे दिसतात. त्यात अंडं असतं आणि पीठ कसाव्याच्या कंदाचं. तिथला टॅपिओकाही त्याच कंदाचा, आपला साबुदाणाही त्याचाच. ज्यांच्या घरी साबुदाणा वर्ज्य आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.

वजनावर जेवण देणारी हॉटेलं दुपारी सोयीची. आपण स्वतः वाढून घ्यायचं, ताट तोलून पैसे द्यायचे. कच्च्या भाज्या आणि फळं भरपूर मिळतात. बिलात बहुधा 10 टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं. रस्त्यावरच्या आठवडी बाजाराला फेरा म्हणतात. पपई, पेरू, अननस, शहाळी बघून जीव सुखावतो.

रात्रीच्या जेवणाचं मात्र आधी ठरवावं लागतं. ऋतू आपल्या उलट, जूनमध्ये थंडी; साओ पावलोत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हॉटेलं सातनंतर गजबजतात. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मी मूगडाळ, पोहे, भाजणी, खाकरे सीलबंद पाकिटांतून नेले होते. ताजी फळं, भाज्या, बिया नेऊ नका, विमानतळावर अडतात. विजेचा दाब गावागावांत वेगळा: रिओत 127 व्होल्ट, ब्राझिलियात 220. पाणी उकळायची किटली दोन्हींवर चालणारी हवी. आपली नेहमीची 127 वर फार हळू तापते. प्लगही वेगळा, ॲडॉप्टर न्या.

इग्वासूचा धबधबा बघायला गेलो, तेव्हा पहाटे उठून दशम्या केल्या आणि चारच्या आत डबा संपवला. समोर पाण्याच्या पावणेतीनशे धारा, शेजारी लेक. महिनाभरात एकही संध्याकाळ नियमाबाहेर गेली नाही. लेकीनेही त्या महिन्यात दिवसाउजेडी जेवायची सवय लावून घेतली, मी सांगितलं नव्हतं.

रस्त्यात मोबाईल हातात धरून चालू नका आणि गळ्यातलं सोनं घरीच ठेवा. आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.