दिव्याखाली काळं राहिलेलं

कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासताना अंधाऱ्या खोलीतलं पहिलं काम म्हणजे थांबणं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावेपर्यंत दिवा लावून उपयोग नाही. मग जॉब मॅग्नेटाइज करायचा, त्यावर चमकत्या लोहकणांचं द्रावण सोडायचं आणि 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात बघायचं. क्रॅक असेल तिथे कण जमून पिवळसर हिरवी रेघ उठते. पण कण धारदार कोपऱ्यावरही जमतात, आणि पुसायच्या कापडाचा धागा चिकटला तर तोही उजळतो. म्हणून पुसून पुन्हा बघायचं.

दगडांनाही मी हीच शिस्त लावतो. आमच्याकडे विहीर खोदली की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट निघतात. आधी दगड घासून धुवायचा, कारण तेलाचा डाग निळसर चमकतो. 365 खाली फिकी वाटणारी एखादी कॅल्सेडनी 254 च्या दिव्याखाली हिरवीगार पेटते. (या दिव्याला डोळ्यांवर चष्मा हवाच.) असा हिरवा रंग बहुधा युरेनिलचा: मधे युरेनियमचा अणू, दोन्ही बाजूंना सरळ रेषेत एकेक ऑक्सिजन. त्याचा नुसता अंश पुरतो. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, दहा लाखांत एक भागही युरेनियम नसतं.

उलट युरेनियमने भरलेलं खनिज गप्प राहू शकतं. ऑट्युनाइट झगझगतं, त्यातल्या कॅल्शियमच्या जागी तांबं आलं की होतं टॉर्बर्नाइट, आणि तांबं ती ऊर्जा गिळून टाकतं. झारखंडातल्या जादूगोड्याचं मुख्य खनिज युरेनिनाइट. तेही काळंच राहतं, कारण त्यातलं बरंचसं युरेनियम युरेनिलच्या रूपात नसतं.

1896 मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ बेक्वेरेलने युरेनियमचा क्षार निवडला तो चमकतो म्हणूनच. ढगाळ दिवसांत त्या क्षारासह खणात ठेवलेली फोटोची काच ऊन न लागताही काळवंडली, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याचं पुढचं पाऊल मोठं वाटतं. मुळीच न चमकणारी युरेनियमची संयुगंही त्याने काचेवर ठेवून पाहिली, आणि काच तरीही काळवंडली. चमक आणि काच काळवंडवणारे किरण वेगळे निघाले.

म्हणून माझ्या टेबलावर दिव्याशेजारी ते किरण टिपणारा गायगर काउंटर असतो. न उजळलेला दगड त्याच्यासमोर धरल्याशिवाय मी बाजूला टाकत नाही.