समुद्रावरचे पाहुणे

आम्हा निपाणी-बेळगावकडच्या बायकांना समुद्र तसा लांब नाही. पहाटे निघायचं, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीचा घाट उतरायचा, की सावंतवाडीवरून दुपारच्या आत मालवण. तरी वर्षानुवर्षं जाणं होत नाही. कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी घरचं लग्नकार्य. या जानेवारीत मात्र आम्ही चौदाजणींनी ठरवलंच. मिनीबस केली. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, गाळून उकळलेलं पाणी थर्मासात भरलं आणि निघालो.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ला काठावरूनच डोळे भरून पाहिला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. आत जायला वेळ नव्हता, कारण आमची बोट देवबागहून सुटणार होती. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. नारिंगी जाकिटं घालून आम्ही बसलो तेव्हा एकमेकींकडे बघून हसू आवरेना.

नदीत बोट कशी शांत चालली होती. संगम ओलांडला मात्र, आणि ती पाळण्यासारखी झुलायला लागली. थोरल्या अक्कांनी डोळे मिटून णमोकार सुरू केला. डावीकडे भोगव्याची वाळू, पुढं निवतीचा किल्ला, काळेभोर खडक आणि त्यावर फुटणारा फेस. डॉल्फिन दिसले म्हणजे दोन राखाडी पाठी वर आल्या आणि गेल्या, एवढंच. पण तेवढ्यानंही आम्ही शाळकरी पोरींसारख्या ओरडलो. वर समुद्री गरुड फिरत होता, पोट पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर त्याचं घरटं असतं, नावाड्यानं सांगितलं.

परतताना वाळूच्या दांड्यावर पांढरे पक्षी दिसले. शेकड्यांनी, सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. हे कुरव. सीगल म्हटलं की मुलांना चटकन कळतं. त्यांतल्या एकाचं नाव काळ्या डोक्याचा कुरव, पण हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागं फक्त एक गडद ठिपका. वीण जवळ आली की डोकं गडद होतं. दुसरा तपकिरी डोक्याचा. तो लडाख आणि तिबेटच्या सरोवरांकाठी पिल्लं वाढवतो, ४,००० मीटरहून उंचावर. तिथलं पाणी गोठायच्या आत हे निघतात आणि हिमालय ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. आम्हाला आंबोलीचा घाट उतरताना पोटात ढवळलं होतं!

बोट जवळ गेली तसा थवा उठला आणि आमच्याभोवती फिरू लागला. शेजारच्या बोटीतली मंडळी त्यांना कुरकुरे फेकत होती, फोटो काढत होती. माझ्या जाऊबाईंनीही पिशवीतून शेवेची पुडी काढली. म्हणाल्या, "घाला गं, मुके जीव आहेत. आणि हे खातील तेवढेच मासे तरी वाचतील."

आम्ही सगळ्याच गप्प झालो. बोलणं खोटं म्हणावं असं नव्हतं. कच्च्या पाण्यातल्या जीवाचाही विचार करणाऱ्या आम्ही, आमच्या डोळ्यांदेखत मासा उचलणारा पक्षी. कोणाची दया करायची?

नावाडी मात्र वळून म्हणाला, "वैनीनू, तेलकट घालू नकात. तेंका ता सोसणा नाय. तेंचा जेवाण पाण्यात आसा."

यावर थोरल्या अक्का बोलल्या. "मुनिमहाराजांना आहार देताना आपण आधी त्यांची प्रकृती विचारतो, त्याग विचारतो. मगच ताट वाढतो. ह्यांची प्रकृती कोणी विचारली?"

जाऊबाईंनी पुडीला पुन्हा रबर लावलं.

अक्कांचं बोलणं मला अजून पुरतं आहे. दान कसं द्यावं हे सांगताना आपल्या तत्त्वार्थसूत्रात विधी, वस्तू, देणारा आणि घेणारा या चारही गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. आपण बहुतेक वेळा देणाऱ्याचाच आनंद बघतो. गच्चीवर चिमण्यांना जोंधळे टाकतो ते बरोबरच, दाणा हे तिचं खाणं आहे. कुरवाचं तसं नाही. तळलेलं, खारट खाणं त्याच्या अंगाचं नाही, आणि बोटीमागं फिरायची सवय लागली की स्वतःचं शोधणं कमी होतं. इतक्या लांबचा परतीचा प्रवास शेवेवर कसा व्हायचा? राहिला माशांचा प्रश्न. अहिंसेचं व्रत आपण घेतलं आहे, पक्ष्यानं नाही. आपल्या ताटात काय असावं हे आपण ठरवू शकतो, त्याला तशी निवड नाही. त्याच्यावर आपलं ताट लादणं ही दया नव्हे.

साडेपाचला आम्ही वाळूवर चादरी पसरून जेवून घेतलं. बाकीचे लोक सूर्यास्त बघून जेवायला जातात, आमचं उलटं. हात धुऊन, चूळ भरून निवांत बसलो आणि सूर्य पाण्यात उतरेपर्यंत बघत राहिलो. कुरवांची रांग त्याच्यासमोरून गेली, आवाज न करता.

मैत्रिणींनो, जमेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन या. मार्च-एप्रिलकडे हे पाहुणे आपल्या गावी निघतात. दुर्बीण असली तर न्या, नातवंडांना न्या. शेवही न्या, पण ती आपल्यासाठी, आणि सूर्य मावळायच्या आत.