डाग कोणाचा?

गेल्या सहामाहीत नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, चोरी होताना कोणी पाहिले नसेल, तर चोर ओळखतात तरी कसा?" न्यायसहायक विज्ञान नावाचे शास्त्र आहे, एवढे सांगून आम्हांस सुटता आले असते, परंतु स्वतः केलेले अधिक काळ स्मरणात राहते, म्हणून आम्ही विज्ञानाच्या खोलीत एक लुटुपुटीची चोरी मांडली.

मेजावर उघडी पेटी व काचेचा पेला ठेवला होता. मुले आत येताच पेल्याकडे धावली, आणि पहिला धडा तेथेच मिळाला: घटनास्थळी आधी डोळे चालवावयाचे, हात मागाहून. पुन्हा सर्वांस बाहेर काढले. मग खोलीचा नकाशा झाला, अंतरे मोजली गेली, छायाचित्रे घेतली गेली. पेन्सिलीच्या शिशाची पूड मऊ कुंचल्याने पेल्यावर फिरविताच बोटांच्या घामाने व तेलकटपणाने उमटलेल्या रेषा दिसू लागल्या. घरी आजीबाई ज्यांस शंख आणि चक्र म्हणतात, त्याच या आकृती! वर्गातील जुळ्या बहिणींनी आपली बोटे ताडून पाहिली. ठसे निराळे निघाले. शेवटी प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून त्यावर तारीख, वेळ व सही झाली. कारण पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हेही न्यायालयास कळावे लागते.

नंतर आम्ही त्यांस आपल्याच देशातील एक हकिकत सांगितली. बोटांच्या ठशांचे कार्यालय 1897 साली कलकत्त्यास निघाले. ठशांची वर्गवारी बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचे श्रम मोठे. त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला व पैसे चोरीस गेले. आचाऱ्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग! तो म्हणाला, "साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारले." रासायनिक तपासणीने त्याचे म्हणणे खरे ठरविले. पुढे मृताच्या पेटीतील एका बंगाली पंचांगावर रक्ताचा पुसट ठसा सापडला. पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेला जुना नोकर कंगाली चरण याच्या उजव्या अंगठ्याशी तो तंतोतंत जुळला. न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या आरोपातून मात्र सोडले, कारण प्रत्यक्ष कृत्य कोणी पाहिले नव्हते.

"म्हणजे शास्त्र हरले ना, सर?" एकाने विचारले. आम्ही म्हणालो, "नाही. पुराव्याने जेवढे सांगितले, तेवढेच न्यायालयाने ऐकले."

हे उत्तर देताना आमचे मन मात्र अस्वस्थ झाले. शिक्षकी पेशाच्या आरंभी आमच्या मेजावरील फीच्या पैशांचे पाकीट एकदा नाहीसे झाले होते. त्या पाकिटावर ओली शाई सांडली होती, आणि वसतिगृहातील एका गरीब मुलाच्या बोटांस शाई दिसली. आम्ही भर वर्गात त्यास खिसे उलटे करावयास लावले. काहीच निघाले नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट आमच्याच हजेरीपटात सापडले. आम्ही वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. "असू द्या, सर," तो म्हणाला. पण त्या वर्षी उत्तर देण्यास त्याचा हात पुन्हा वर आला नाही. शाळेत कोणत्या मुलाच्या बोटांस शाई नसते? एवढा साधा प्रश्नही आम्ही स्वतःस विचारला नव्हता.

योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून भावांनी बापापुढे ठेवला, ही कथा आम्ही बालपणापासून ऐकत आलो. झगा खरा होता, रक्तही खरे होते. परंतु रक्त कोणाचे, हे याकोबाने विचारले नाही, आणि तो जिवंत पुत्रासाठी वर्षानुवर्षे शोक करीत राहिला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी सर्वच काही प्रयोगशाळेत जाणार नाहीत. पण वर्गात पेन हरवेल, घरी पैसे कमी भरतील. अशा वेळी कोणाचे नाव ओठांवर येण्यापूर्वी डाग कोणाचा, हे नीट पाहावे. पालकांसही आमची हीच नम्र विनंती आहे. हरवलेली वस्तू पुष्कळदा सापडते; खाली गेलेला हात वर आणणे फार कठीण असते.