पांढरीवरची रुई

उमरग्याच्या मुलांना फुलाची रचना शिकवताना मी जास्वंद वापरत नाही. पुस्तकात जास्वंद असते, पण आमच्याकडे ती मिळते ती चार घरांच्या अंगणात, आणि तीही देवासाठी राखलेली. बारा महिने, फुकट आणि हवी तेवढी फुललेली मिळते ती रुई. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आलात की दोन्ही कडांना ती असतेच. राखाडी, जाडजूड पानांची, कमरेपासून डोक्यापर्यंत उंचीची.

वर्गात नेण्यापूर्वी एक ताकीद देतो: पान तोडल्यावर हात डोळ्याला लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचा पारदर्शक पडदा सुजतो आणि दिसणं अंधूक होतं. त्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी हेच मुलांना त्यांच्या भाषेत सांगितलं होतं. "शेळी बाभळीचे काटे खाती, पर हिचं हिरवं पान हुंगून फुडं जाती. तिला शाळा न्हाई लागत."

मग पानाच्या खालच्या बाजूवरून नखाने पांढरी लव खरवडायची. कोवळ्या पानांवर ती इतकी दाट असते की बोटाला पीठ लागल्यासारखं वाटतं. ही लव म्हणजे गुंतलेले बारीक केस. ते ऊन परतवतात आणि पानाला लागून हवेचा एक थर अडवून धरतात. वाऱ्याने तो थर हलत नाही, म्हणून पानातलं पाणी हळू उडतं. वर मेणाचा लेप आणि खाली खोल गेलेलं सोटमूळ. एप्रिल-मेमध्ये तूर काढलेल्या रानात हिरवं काही उरत नाही, तेव्हाही रुई फुललेली असते.

फुलाची खरी गंमत सुईने दाखवायची असते. रुईचे पाच पुंकेसर आणि कुक्षी एकजीव होऊन मध्ये पाचकोनी खांब तयार होतो. परागकण सुटे नसतात, मेणचट पिवळ्या पिशव्यांत बांधलेले असतात. खांबाच्या कोपऱ्यावरच्या खाचेत शिवणाची सुई घालून वर ओढली की दोन पिवळ्या पिशव्या काळ्या चिमट्यासकट सुईला लटकून बाहेर येतात. रानात हे काम मोठा काळा भुंगा करतो. मध प्यायला तो बसतो, त्याचा पाय खाचेत अडकतो आणि तो उडताना पिशव्या घेऊन जातो. हलक्या कीटकाला ते ओझं ओढून काढता येत नाही. हे पाहिलेली मुलं परागीभवन परीक्षेपुरतं पाठ करत नाहीत.

आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखणं हाही तासाचा एक भाग. एकीच्या पाकळ्या पसरून मागे वळतात, रंग फिका जांभळा किंवा पांढरा. दुसरीच्या पाकळ्या वाटीसारख्या उभ्या, टोकांना गडद जांभळा ठिपका, आणि फळ फुगीर, आतून पोकळ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये पहिलीला शास्त्रीय नाव दिलं. 'कॅलोट्रॉपिस जायगँशिया' हे आजचं नाव पुढच्या शतकातलं. ती मुख्यतः पूर्वेची: भारत, श्रीलंका, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग, इंडोनेशिया. दुसरी, 'कॅलोट्रॉपिस प्रोसेरा', अस्सल वाळवंटी. सेनेगलपासून सहाराच्या दक्षिण कडेने इजिप्त, अरबस्तान, इराण, सिंध, राजस्थान अशी तिची वाट. मृत समुद्राकाठीही तीच आहे. या दोन मुलखांची सरमिसळ होते ती आपल्या दख्खनसारख्या कोरड्या पठारांवर. उमरगा काही वाळवंट नाही, वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी वाळवंटाची ही पाहुणी इथे इतकी का, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आणि माझं रानात फिरणं बदललं.

लोकांचं उत्तर तयार असतं: दुष्काळी भाग, म्हणून रुई. मग मी रुई कुठे नाही ते बघू लागलो. बेन्नीतुरा नदीच्या काठच्या काळ्या रानात, नांगराखालच्या शेतात ती नाही. बांधावर एखादी, तीही ढासळलेल्या बांधावर. दाट गवताच्या माळावर, जिथे चराई आवरलेली आहे, तिथेही क्वचितच. पाऊस मात्र सगळीकडे तेवढाच. आणि जिथे ती गर्दी करून होती त्या जागा अशा: महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी मुरूम काढलेले खड्डे, सोडून दिलेल्या दगडखाणी, रस्त्याचा भराव, वीटभट्टीची जुनी जागा, स्मशानाची कड. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी जमीन उघडी करून निघून गेलेलं.

यामागचं कारण तिच्या बीमध्ये आहे. बोंड फुटलं की प्रत्येक बी आपला रेशमी झुबका घेऊन उडतं. मुलं त्याला म्हातारी म्हणतात आणि पकडायला धावतात. एका बोंडात अशा शेकडो म्हाताऱ्या. त्या कुठेही उतरतात, पण बारीक रोप गवताच्या गर्दीत टिकत नाही, त्याला उघडी माती आणि ऊन लागतं. एकदा मूळ खोल गेलं की मग वरून छाटली तरी बुडातून फुटते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात परदेशातून गेलेली प्रोसेरा गुरांच्या कुरणांतलं तण होऊन बसली आहे, तीही अतिचराईने गवत गेलेल्या जमिनीवर जोमाने.

सगळ्यात दाट रुई मला भेटली ती जुन्या गावठाणांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, भूकंपाने औसा आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली गावं पाडली. घरं माळवदाची होती: दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड छत. जीव गेले ते याच वजनाखाली. गावं नव्या जागी वसली आणि जुनी पांढरी, म्हणजे गावठाणाची जमीन, तशीच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या शेण, राख, माती मुरलेली ती पांढरी, वर कोसळलेल्या माळवदाची भुसभुशीत माती. रुईला याहून चांगली जागा कोणती?

अशाच एका गावठाणावर मुलांना घेऊन गेलो, तेव्हा नव्या गावातले एक मामा सोबत आले. ते रुई मोजत नव्हते, घरं सांगत होते. "हितं चावडी. हितं आमचा सोपा. ती मोठी रुई हाय न्हवं, तितं पेव व्हतं." मुलांनी वहीत नकाशा काढला. उंच झुडपं मातीच्या ढिगांवर, खुरटी गल्लीच्या दगडी फरसावर. पानांखाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, बिबळ्या कडवा फुलपाखराच्या. रुईचं विष अळी अंगात साठवते आणि फुलपाखरातही ते उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. परतताना मामांनी मारुतीसाठी पानं खुडली, शनिवार होता. नव्या गावात रुई कमी आहे, म्हणाले, तिथे सगळी जागा वापरात असते.

नमुना वाळवून कागदावर चिकटवला की खाली चिठ्ठी लिहितात: नाव, ठिकाण, तारीख, अधिवास. अधिवासापुढे आम्ही वर्षानुवर्षं 'पडीक जमीन' एवढंच लिहीत होतो. त्या शब्दांतून वाटतं की जमीन मुळातच तशी होती. आता मुलांना तीन गोष्टी लिहायला सांगतो: आधी इथे काय होतं, ते कशाने मोडलं, आणि त्यानंतर जागेकडे कोणी पाहिलं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला त्यांना तलाठ्यापासून आजीपर्यंत सगळ्यांकडे जावं लागतं. वनस्पतिशास्त्राच्या तासाला ते बसत नाही असं कोणी म्हणालं, तर मी त्यांना उत्तरं वाचायला देतो.