पीक पाहावे तसा संघ पाहावा



यात्रा जवळ आली की गावोगाव कबड्डीचे संघ उभे राहतात आणि पारावर एकच प्रश्न निघतो, "औंदा ढाल आपलीच ना?"

मी शेतकी खात्याचा माणूस. बांधालगतच्या ओळी नेहमी जोमदार दिसतात, कारण त्यांना ऊन-वारा मोकळा मिळतो. त्यावरून उताऱ्याचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली. खरे पीक पाहायचे तर वावराच्या मधोमध जावे लागते. संघाचेही तसेच. गाजलेला चढाईपटू ही बांधालगतची ओळ.

आपल्या जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार घ्या. त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. त्या सामन्यात एका चढाईत चार गडी टिपले ते पंकज मोहितेने. पकडीचा भार इराणच्या शादलूईने वाहिला होता. पुढच्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला, अस्लम मध्येच जखमी झाला, आणि तोच संघ आठव्या क्रमांकावर घसरला. २०२५ मध्ये पलटण पुन्हा गुणतक्त्यात पहिली आली, पण अंतिम सामना दिल्लीकडून २८-३१ असा हरली. दावेदार असणे वेगळे, ढाल मिळणे वेगळे. उभे पीकही गारपिटीत जाते.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका यात्रेत आमच्या संघाचा सारा भरवसा एका पोरावर होता. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा सुजला. तो म्हणाला, "साहेब, पाय टेकत नाही." मी म्हणालो, "गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, उतर." तो उतरला. ढाल गेली आणि पायही गेला. आजही पाणी धरायला बांधावरून चालताना तो लंगडतो. मला पाहून हसतो, चहाला बोलावतो; तेच जास्त लागते.

म्हणून आता मी तीन गोष्टी पाहतो. मुख्य चढाईपटू बाद झाल्यावर चढाईला कोण जातो? मैदानात तीनच गडी उरले की ते साखळी धरून पकड करतात, की लोण पत्करतात? आणि राखीव बाकावरचा पोर वर्षभर सरावाला आलेला आहे का?

तिन्हींची उत्तरे चांगली असतील तर संघ ढालीचा दावेदार समजा. नसतील तर यंदा पोरांना खेळू द्या, हरू द्या, आणि दुसरी फळी तयार करा. ढाल पुढच्या यात्रेलाही असते. पोराचा गुडघा मात्र एकदाच मिळतो.